पार्किंगमधला पॉवर पॉइंट: अमेरिकेचा कोड आपल्याला कितपत लागू?

अनगोळकर
बेळगावात अनगोळला घराचं काम चालू आहे. खाली पार्किंग, वर दोन मजले. स्लॅब झाला, आता भिंतींत पाइप टाकायचे आहेत, म्हणून घाईनं विचारतोय.

वायरमन म्हणतो, पार्किंगला दाराजवळ लाइटच्या बोर्डात एक पाच अँपचा सॉकेट पुरे. भाचा अमेरिकेत असतो, त्यानं तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधला घरगुती गॅरेजचा भाग समजावून सांगितला. गॅरेजमध्ये प्रत्येक गाडीच्या जागेला किमान एक सॉकेट हवा, तो जमिनीपासून साडेपाच फुटांच्या वर नको, आणि त्यावर करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणारं उपकरण हवं. ही शेवटची अट तिथं १९७८ पासून आहे.

तो कायदा आपला नाही हे मलाही कळतं. पण माझं मत ठाम आहे: दोन गाड्यांच्या जागा, तर दोन १६ अँपचे पॉइंट. प्रत्येकाची वायर थेट डीबीपासून (घराच्या मुख्य स्विचबोर्डापासून) वेगळी, आणि दोन्हींवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून सप्लाय तोडणारा तोच स्विच. जून ते सप्टेंबर आपल्या पार्किंगची फरशी वाळत नाही. गाडी धुताना आपण अनवाणी असतो. घरात शॉक बसण्याची सगळ्यात मोठी शक्यता याच जागी आहे, आणि आपण तिथंच हात आखडता घेतो.

वायरमन, खानापूर रोड
साहेब, राग मानू नका, पण दुसऱ्या देशाचा कोड आणून इथल्या वायरमनला शिकवणं बरोबर नाही. त्यांच्याकडं सॉकेटला १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. त्यांचा न्यूट्रल घराच्या पॅनलमध्येच अर्थला जोडलेला असतो, आपल्याकडं ज्याचा त्यानं अर्थिंगचा खड्डा मारायचा. पद्धतच वेगळी आहे. मी इतकी वर्षं काम करतोय, अर्थिंग चांगलं असेल तर एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडतोच. आरसीसीबीचे पैसे चांगल्या अर्थिंगला घाला.

आणि खरं सांगतो, आरसीसीबी बसवला की पहिल्या पावसात फोन येतो, "लाइट सारखी जातेय." मग गिऱ्हाईकच सांगतं, काढा तो.

पॉलिटेक्निकवाला
दादा, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण "अर्थिंग चांगलं असेल तर एमसीबी पडतोच" हे आपल्या भागात खरं नाही. हिशोब करून बघा. घरच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम धरा, पुष्कळ घरांत याहून जास्तच निघेल. फेज गाडीच्या बॉडीला लागला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँप. १६ अँपचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँप लागतात. २३ अँपला तो तासभरसुद्धा तसाच राहू शकतो. तोवर बॉडीवर करंट. कुणी हात लावला तर अंगातून साधारण २०० मिलीअँप जाईल. माणूस जायला तेवढा पुरतो, पण १६ अँपच्या एमसीबीला तो जाणवतही नाही.

खानापूरकडं जांभा आहे. एप्रिल-मेमध्ये खड्डा वाळला की रेझिस्टन्स आणखी वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी कितीजण घालतात?

३० मिलीअँपचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदांच्या आत तोडतो, पाचपट गळती असेल तर ०.०४ सेकंदांत. आणि हे अमेरिकेचं खूळ नाही. अर्थ लीकेज संरक्षणाची तरतूद आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत होती. आता त्या जागी २०२३ चे नियम आहेत. वायरिंगला आयएस (भारतीय मानक) ७३२, अर्थिंगला आयएस ३०४३ आहे. कोड आपल्याकडंही आहे, फक्त साइटवर कुणी उघडत नाही.

शहापूरचा दुकानदार
पुस्तकात सगळं छान असतंय. माझ्या घराच्या शेडात डीप फ्रीजर आहे, दुकानाचा माल असतो. रात्री आरसीसीबी पडला, सकाळी सगळं पाणी. नुकसान कोण भरून देणार? दिव्याला, पंख्याला लावा, पण फ्रीजरला सूट पाहिजे.

निपाणीचा, सध्या न्यू जर्सीत
ही सूट इथल्या कोडमध्येही होती. एका जागी कायम बसवलेल्या फ्रीज-फ्रीजरला गॅरेजमध्ये संरक्षणाशिवाय सॉकेट चालायचा. २००८ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. म्हणजे तुमची अडचण त्यांनीही ऐकली होती, आणि तरी निर्णय बदलला. फ्रीजरला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) द्या, म्हणजे दुसऱ्या कशाच्या गळतीनं तो पडणार नाही. तरीही पडला तर फ्रीजरमध्येच दोष आहे, आणि तो कळायलाच हवा.

अनगोळकर, कोड वाचताना इथंही दोन गोंधळ होतात. एक म्हणजे दार उघडायच्या मोटरसाठी छतावर सॉकेट असतो, तो लोक मोजतात. तो धरायचा नाही, साडेपाच फुटांची अट त्याचसाठी महत्त्वाची. दुसरा गोंधळ सॉकेट जमिनीपासून १८ इंच वर हवा, या समजुतीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, म्हणून गाड्या दुरुस्तीच्या व्यावसायिक गॅरेजसाठी ती उंची सांगितली आहे. घरच्या सॉकेटला तो भाग लागू नाही. तरी तुम्ही चार फुटांवर घ्या, पाण्याचे शिंतोडे तरी लांब राहतील.

उचगावची
तुमची नियमावली चालू दे, मी घरातलं सांगते. आमच्या पार्किंगला सॉकेटच नाही. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि हॉलमधून एक्स्टेन्शन बोर्ड दाराखालून ओढला. दार रोज त्याच वायरीवर आपटतं. मागच्या पावसाळ्यात बोर्ड उलटा करून बघितला, तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, हाताला खरखरीत लागत होतं. चार्जरला काहीच झालं नव्हतं. स्कूटरचा चार्जर चारेक अँपच घेतो म्हणे, पण ढिल्या पिनेतून तास न् तास गेला की हेच होणार. एक पॉइंट आधी काढला असता तर ही वायर लागलीच नसती. त्यामुळे प्रत्येक गाडीला एक, हे मला शंभर टक्के पटतं.

वायरमन, खानापूर रोड
ताई, वेगळा पॉइंट द्यायला माझी कधीच ना नाही. १६ अँपला मी ४ चौरस मिमी वायर टाकतो, पाच अँपच्या लूपमधून पॉवर पॉइंट काढत नाही. माझं भांडण आरसीसीबीशी आहे. पॉलिटेक्निकवाल्यांचा हिशोब मी खोडत नाही. पण जुन्या घरात आरसीसीबी टिकत नाही, सारखा पडतो, त्याचं काय?

पॉलिटेक्निकवाला
जुन्या घरात तो बहुतेक वेळा न्यूट्रलमुळं पडतो. दोन सर्किटचे न्यूट्रल एकाच बोर्डात एकत्र पिळलेले असतात, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनशी जोडलेला असतो. आरसीसीबीला गेलेला करंट परत आलेला दिसत नाही, तो तोडणारच. आधी न्यूट्रल वेगळे करा.

अनगोळकरांचं घर नवं आहे, तिथं हा प्रश्नच नको. पुढं इलेक्ट्रिक मोटार घ्यायची असेल तर गाडीसोबतचा चार्जर १५-१६ अँप घेतो, आठ-दहा तास सलग. त्याला साधा तीन पिनांचा सॉकेट पुरत नाही, गोल इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. आरसीसीबीसुद्धा एसी टाइपचा (फक्त एसी गळती ओळखणारा) नको, निदान ए टाइपचा (तुटक डीसी गळतीही ओळखणारा).

अनगोळकर
पाइप आज तिन्ही जागी टाकून घेतो, तिसरा फ्रीजरसाठी. दादा, डीबीत न्यूट्रलच्या पट्ट्या वेगळ्या करून द्याल का? आमचा वायरमन म्हणतो एकच पट्टी पुरे.

वायरमन, खानापूर रोड
एक पट्टी चालणार नाही. प्रत्येक आरसीसीबीच्या मागं त्याचीच पट्टी लागते, त्याला सांगा. बंद करायच्या आधी डीबीचा फोटो पाठवा, बघून सांगतो.