१८६५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील स्त्रियांनी लिहिलेली घरगुती पत्रे कशी वाचावीत?

महालकर, नागपूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपुरात आमचे एक छोटे वाचनमंडळ आहे. आम्ही महिन्यातून एकदा धरमपेठेत एका सदस्येच्या घरी जमतो. पुढच्या बैठकीत अमेरिकेतील यादवी युद्धाच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये आणि उत्तर यांच्यातील लढ्याच्या, अखेरीस दक्षिणेतील स्त्रियांनी आपल्या आयांना, बहिणींना आणि मुलांना लिहिलेल्या पत्रांवर मला बोलायचे आहे. त्यासाठी मी मुख्यतः जॉर्जियातील लिबर्टी काउंटीच्या जोन्स कुटुंबाचा पत्रव्यवहार वाचते आहे. या घरचे कर्ते, पाद्री चार्ल्स कोलकॉक जोन्स, १८६३ मध्ये वारले. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या सैन्यातील घोडेस्वार त्यांच्या मॉन्टेव्हिडिओ या मळ्यावर येऊन थडकले, तेव्हा घरात त्यांच्या विधवा पत्नी मेरी जोन्स आणि दिवस भरत आलेली मुलगी होती. जावई कैद झाला होता. सैनिक पुन्हापुन्हा येत होते, कुलपे फोडत होते, कोठीतले धान्य नेत होते आणि अशा धामधुमीत जानेवारी १८६५ मध्ये मुलगी बाळंत झाली. आई आणि मुलगी दोघींनी त्या दिवसांची टिपणे लिहून ठेवली आहेत. ती वाचताना मला अक्षरशः गलबलून आले.

पण याच कुटुंबाच्या मालकीची शंभराहून अधिक गुलाम माणसे होती, हे क्षणभरही विसरता येत नाही. म्हणून दोन प्रश्न विचारते. पहिला असा की, एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सरकारच कोसळल्यावर ही पत्रे एका घरातून दुसऱ्या घरी पोचत तरी कशी होती? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे : या स्त्रियांचे दुःख खरे मानायचे, तर ते वाचताना त्या घरातल्या गुलाम स्त्रियांना कुठे शोधायचे?

जुने टपाल (प्रतिसाद)

महालकरताई, माझी उभी हयात टपालखात्यात गेली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

दक्षिणेच्या राज्यांनी आपले टपालमंत्री जॉन रेगन यांच्या हाताखाली स्वतःचे टपालखाते उभारले होते. १८६३ पासून त्याने स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा, असे त्यांच्या राज्यघटनेतच लिहिले होते. त्यामुळे दर चढे राहिले. जुलै १८६२ पासून साध्या पत्रालाही दहा सेंट पडत आणि पुढे त्या तिकिटावर दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचे चित्र असे. सीमेपलीकडे, म्हणजे उत्तरेतल्या नातेवाइकांना, पत्र पाठवायचे तर ते युद्धविरामाच्या निशाणाखाली व्हर्जिनियातील ठरावीक ठिकाणी अदलाबदल होऊन जाई. अट अशी की मजकूर एका पानाचा असावा, तो केवळ घरगुती असावा आणि पाकीट उघडे असावे, कारण दोन्हीकडचे अधिकारी ते वाचत. अशी पत्रे कोरडी वाटली तर तो लिहिणारीच्या मनाचा कोरडेपणा समजू नये. परका माणूस वाचणार हे ठाऊक असताना कोणती बाई आपले मन मोकळे करील?

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती ली शरण आले आणि २६ एप्रिलला उत्तर कॅरोलायनात त्यांचे दुसरे सेनापती जॉन्स्टन. त्यानंतर ती तिकिटे म्हणजे निव्वळ रंगीत कागद उरले. उत्तरेचे टपाल लगेच सुरू झाले नाही. पोस्टमास्तर होण्यासाठी, आपण बंडाला कधीही स्वेच्छेने मदत केली नाही, अशी शपथ घ्यावी लागे. ती घेऊ शकतील असे पुरुष दक्षिणेत फारसे उरले नव्हते आणि म्हणून कित्येक गावांत या कामावर स्त्रियांची नेमणूक झाली. मधल्या महिन्यांत पत्रे परहस्ते गेली. पॅरोलवर, म्हणजे पुन्हा लढणार नाही या वचनावर, सुटून पायी घरी निघालेले सैनिक, गावोगाव फिरणारे पाद्री, ओळखीचे व्यापारी हीच टपालव्यवस्था होती. आपल्या जुन्या पत्रांवर 'हस्ते अमुक' असे लिहीत, तसेच त्या पाकिटांवर नेणाऱ्याचे नाव आढळते. अशा वेळी पत्र कधी पोचेल याचा नेम नसल्यामुळे एकच बातमी दोन-तीन जणांबरोबर पुन्हापुन्हा लिहून पाठवली जाई, म्हणून पुनरुक्ती दिसली तर कंटाळू नका.

कागदाकडेही जरूर पाहा. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची केलेल्या नाकेबंदीमुळे कागद मिळेना, तेव्हा हिशेबाच्या वह्यांची पाने, पुस्तकांची कोरी पाने आणि भिंतीला लावायचा शोभेचा कागदही पत्रासाठी वापरला गेला. आलेले पाकीट उलगडून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवीत. पान भरले की ते काटकोनात फिरवून आधीच्या ओळींवर आडवे लिहीत. शाई घरी, ओक झाडाच्या गाठींपासून किंवा रानफळांच्या रसापासून केलेली असे आणि ती आता तपकिरी पडली आहे. असे पान वाचताना नजर आधी एकाच दिशेच्या ओळींवर स्थिर करावी लागते. सभेत एखाद्या पानाचे छायाचित्र दाखवता आले, तर अवश्य दाखवा.

बखरीचा वाचक (प्रतिसाद)

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

पत्र आणि मागाहून लिहिलेली आठवण यांत फरक करणे ही पहिली पायरी आहे. दक्षिण कॅरोलायनाच्या मेरी चेस्नट यांची रोजनिशी फार प्रसिद्ध आहे, परंतु तिचा वाचकांना परिचित असलेला मजकूर त्यांनी १८८० च्या दशकात पुन्हा लिहून सजवलेला आहे. तोवर पराभवाची एक ठरीव, हळवी कथा दक्षिणेत रूढ होऊ लागली होती. मे १८६५ मध्ये बहिणीला पत्र लिहिणाऱ्या बाईला ती कथा माहीत नव्हती. भाऊ जिवंत आहे का, तो कोणत्या वाटेने येतो आहे, मीठ कुठे मिळेल, कॉफीऐवजी भाजलेले राय हे धान्य घ्यावे की भेंडीचे बी, अमेरिकेच्या सरकारशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी की नाही, असल्या प्रश्नांनी तिचे पान भरलेले असते. शपथेचा प्रश्न केवळ पुरुषांचा नव्हता. दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंडमध्ये एप्रिलच्या अखेरीस उत्तरेचे जनरल हॅलेक यांनी असा हुकूम काढला की वधूवरांनी शपथ घेतल्याखेरीज विवाहाचा परवाना मिळणार नाही.

तर अशा पत्रांत गुलाम स्त्रिया कुठे सापडतात? माझे ठाम मत आहे की त्या तक्रारीच्या वाक्यांत सापडतात. स्वयंपाकीण न सांगता निघून गेली, दाईने मजुरी मागितली, धुणे आता आम्हालाच करावे लागते, इतक्या वर्षांच्या मायेचे हेच का फळ, अशी वाक्ये या काळच्या पत्रांत वारंवार येतात. लिहिणारीच्या दृष्टीने तो कृतघ्नपणा असतो. पण ज्या स्त्रीला जन्मात कधी आपल्या इच्छेने उंबरठा ओलांडता आला नव्हता, तिने त्या दिवशी तो ओलांडलेला असतो, बहुधा विकल्या गेलेल्या मुलाच्या किंवा नवऱ्याच्या शोधात. त्या पानावरची सर्वांत मोठी ऐतिहासिक घटना ती असते आणि मालकिणीने ती अर्ध्या ओळीत, दुधाच्या आणि लोण्याच्या हिशेबाशेजारी, नोंदवलेली असते. मालकिणीचे बाळंतपण आणि भीती खोटी ठरवण्याची काही गरज नाही. मात्र ती अर्धी ओळ आली की थांबावे, पुन्हा वाचावे, आणि जी गेली तिचे नाव दिले आहे का, ते पाहावे. नाव दिले असेल तर पुढच्या-मागच्या पत्रांत ते शोधावे. जोन्स कुटुंबाच्या पत्रव्यवहारात हे शक्य आहे, कारण तो अनेक वर्षांचा सलग आहे आणि त्यात मळ्यावरची माणसे नावानिशी येतात.

कापूसवाट, हिंगणघाट (प्रतिसाद)

एक छोटी भर घालतो. त्या वर्षीच्या पत्रांत लपवलेल्या कापसाच्या गाठींचा उल्लेख आला तर तो हावरेपणा समजू नये. दक्षिणेचे चलन रद्दी झाले होते आणि ज्याला पैसा येईल अशी वस्तू बहुतेक घरांत कापूस हीच उरली होती. तिकडच्या नाकेबंदीमुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस हवा झाला आणि येथे तेजी आली. १८६५ मध्ये शांततेची वार्ता येताच मुंबईचा बाजार कोसळला. नागपूरला रेल्वे पोचली ती त्यानंतर, १८६७ मध्ये. आपल्या श्रोत्यांना हा संबंध सांगितलात तर विषय परका वाटणार नाही.

सीताबर्डीकर (प्रतिसाद)

ताई, मालकिणींच्या पत्रांशेजारी दुसरी पत्रेही ठेवावीत, असे मला मनापासून वाटते. दक्षिणेच्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे कायद्याने गुन्हा होता, म्हणून मुक्त झालेल्या स्त्रियांची त्या काळची पत्रे थोडी आहेत आणि त्यांतली कित्येक शिक्षकांनी किंवा मार्च १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्यूरोच्या, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याच्या, माणसांनी त्यांच्यासाठी लिहिलेली आहेत. पण विक्रीमुळे ताटातूट झालेल्या नातलगांसाठी वर्तमानपत्रांत दिलेल्या शोधजाहिराती भरपूर आहेत. फिलाडेल्फियाच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर' या वृत्तपत्रात त्या युद्ध संपताच येऊ लागल्या आणि न्यू ऑर्लीन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' मध्ये तर पुढे कित्येक वर्षे त्यासाठी स्वतंत्र सदर चालले. पाद्र्यांनी त्या जाहिराती व्यासपीठावरून वाचून दाखवाव्यात, अशी विनंती त्या सदरात असे.

त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. आई आपल्या मुलीचा शोध घेताना आधी मालकाचे नाव देते, मग त्याने कोणाला विकले, कोणत्या गावी, कोणत्या व्यापाऱ्याने नेले, हे सांगते आणि त्यानंतर भावंडांची नावे एकामागून एक लिहिते. मालकाची नावे दिल्याखेरीज माणूस सापडणारच नव्हते, कारण आडनाव नोंदलेलेच नसे. हीसुद्धा घरगुती पत्रेच आहेत, फक्त पत्ता ठाऊक नसल्यामुळे ती छापावी लागली.

महालकर, नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बखरीचा वाचक यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मी १८६५ आणि १८६६ सालची पत्रे पुन्हा काढून बसले आणि निघून गेलेल्या स्त्रियांची नावे वहीत वेगळी उतरवून घेऊ लागले. काही नावे युद्धापूर्वीच्या पत्रांत आजाऱ्यांच्या आणि बाळंतिणींच्या खबरबातीत आधीच येऊन गेलेली आहेत. बैठकीत मी मॉन्टेव्हिडिओचे त्या जानेवारीतील टिपण प्रथम वाचीन, त्यानंतर लगेच दोन शोधजाहिराती आमच्यातील एक सदस्या मराठीत वाचेल आणि मग ही नावांची यादी मी मंडळापुढे ठेवीन. सीताबर्डीकरताई, 'ख्रिश्चन रेकॉर्डर' मधील सुरुवातीच्या जाहिराती आपल्याजवळ असतील तर कृपया येथेच उतरवून द्याव्यात. भाषांतर आम्ही करू.