रणरणत्या उन्हात सोलर बंद, कारण काय तर म्हणे व्होल्टेज जास्त!

माडाखालचा_डिचोली
नमस्कार मंडळी. डिचोलीच्या पलीकडे वाड्यातलं शेवटचं घर आमचं, ट्रान्सफॉर्मरवरून निघालेली तार माडांमधून वळसे घेत येते ती आमच्याच पडवीत संपते. गेल्या दिवाळीनंतर छपरावर ३ किलोवॉट सोलर बसवलं, सबसिडीचे ७८,००० आले, इथपर्यंत सगळं मस्त. पण मार्च लागल्यापासून रोज ११ ते २ च्या दरम्यान इन्व्हर्टर (सोलरची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) लाल लाईट लावून गप्प बसतो, पाच मिनिटांनी चालू, परत बंद. स्क्रीनवर येतं 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज'. इन्व्हर्टरपाशी मल्टीमीटर लावला तर दुपारी २५४-२५५ आणि रात्री आठला शेजारचे एसी लागले की २०६! ज्याने बसवलं (नाव नको घ्यायला) तो म्हणतो माल ओके आहे, लाईनीचा प्रॉब्लेम. लाईन बघायला आला तो म्हणतो लोक व्होल्टेज कमी म्हणून रडतात, तुमचं उलटंच काहीतरी. वर लाईट गेली की सोलरही जातं ते वेगळंच. आई म्हणते, त्या काचांवर निदान कोकमाची सोलां तरी वाळत घालूया. करायचं काय?

रिटायर_वायरमन
बाबा, दोघेही अर्धं अर्धं खरं बोलतायत. तुझ्या वाड्याचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) ४३३ व्होल्ट करतो, म्हणजे फेज-न्यूट्रलला २५० झाले. घरी २३० पाहिजेत तर वरून २५० कशाला, तर तार लांब, वाटेत व्होल्टेज पडणार, शेवटच्या घराला २३० तरी पोचावेत म्हणून आधीच चढवून ठेवलेले. चाळीस वर्षं आम्ही ह्याच हिशेबाने लायनी ओढल्या. वीज वरून खाली जाते, घरून वर येईल असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं रे तेव्हा!
आता दुपारी तुझा इन्व्हर्टर १३ अँपियर उलटे ढकलतो. जाऊन-येऊन तारेचा रेझिस्टन्स १ ओहम धरला तरी १३ व्होल्ट चढले, आणि तू पडलास शेवटचं घर. इन्व्हर्टर २५३ ला ट्रिप होतो, २३० च्या वर १० टक्के, तो त्याचं काम बरोबरच करतोय. लाईट गेल्यावर बंद होतो तेही बरोबर, नाहीतर तुझी वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेला आमचा पोरगा मेला असता.
ट्रान्सफॉर्मरचा टॅप (किती व्होल्टेज सोडायचं ते ठरवणारी खाच) खाली करा म्हणून अर्ज देशील, पण जरा थांब. टॅप एकदा बसवला की दिवसरात्र तोच. दुपार सुधारेल, पण रात्रीचे २०६ चे २०० होतील आणि शेजारी तुझ्या नावाने बोंब मारतील. आधी एक कर, भर उन्हात इन्व्हर्टरपाशी किती, मीटरपाशी किती, लगोलग मोजून इथे लिही.

सत्तरीची_सून
आमच्याकडे सेम! तीन घरांना सोलर आणि तिन्ही एकाच फेजवर (खांबावरच्या तीन तारांपैकी एकीवर) निघाली. अर्ज करून एक घर दुसऱ्या फेजवर घेतलं तेव्हा बराच फरक पडला. आणि मी आता पंप, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं साडेअकरानंतरच लावते, सासूबाई म्हणतात ही बया भर उन्हात माडांना पाणी घालते, पण घरातच वीज खपली तर वर चढणार कुठून.

खरं_तेच_बोलतो
सोलर-बिलर सगळी फॅशन आहे. गोव्यात स्वतःची वीज आहे कुठे, बाहेरून कोळशाची येते म्हणून दिवे लागतात. बाहेरची वीज आणणारी तमनारची लाईन मोलेच्या जंगलातून सरळ येऊ दिली असती तर हे व्होल्टेजचं रडगाणं कधीच मिटलं असतं.

केपेंकार
@खरं_तेच_बोलतो दादा, बाहेरच्या विजेवर चालतो हे मान्य. पण तमनार छत्तीसगडात, तिथून कोणी तार ताणत गोव्यात आणत नाही, नावामुळे सगळ्यांचा तो घोळ होतो. इथली ४०० केव्ही लाईन धारवाडजवळच्या नरेंद्र सबस्टेशनवरून शेल्ड्याला यायची आहे. मोलेत वाद झाला तो नव्याने जंगल तोडण्यावरून, जुन्या लाईनीच्याच पट्ट्यातून न्या असं सुप्रीम कोर्टाच्या समितीनेही २०२१ मध्ये सुचवलं होतं. गोव्याला दुसरी वाट हवीच, एकीकडे बिघाड झाला तर दुसरीकडून वीज येईल, त्याला माझा विरोध नाही. पण ४०० केव्ही आली म्हणून ह्याच्या पडवीतले २५५ कमी व्हायचे नाहीत. हायवे सहापदरी केला तरी वाड्यातली पाणंद तेवढीच राहते ना.

मी ह्याच लाईनीत काम करतो म्हणून थोडं पुढचं. व्होल्टेज चढणं फक्त वाड्याचं दुखणं नाही, २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अख्खे अंधारात गेले त्यातही व्होल्टेज चढत जाऊन एकामागून एक प्लांट बंद पडत गेले होते. लगेच सोलरला शिव्या घालू नका, व्होल्टेज सांभाळायची सोय कमी पडली हा मुद्दा. आपल्याकडे दुपारी सोलर भरपूर, म्हणून कोळशाचे प्लांट ५५ टक्क्यांपर्यंत उतरवायचे आणि सूर्य कलला की तेच धावत वर आणायचे, ही कसरत रोजची. बॅटऱ्या लागणार त्या ह्यासाठी. गावात काय लागेल तर जाड तार, लांब लायनी तोडून मध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर, काही ठिकाणी चालू लोडवर आपोआप टॅप बदलणारे. स्मार्ट मीटरलाही लोक उगाच घाबरतात, घराघरातलं व्होल्टेज कोणत्या वेळेला किती हे त्यातून कळतं, आज तर तू मल्टीमीटर घेऊन बसलास म्हणून कळलं.
इन्व्हर्टरमध्ये रिॲक्टिव्ह पॉवरची सेटिंग असते, त्याने व्होल्टेज थोडं खाली ओढता येतं, पण बारीक तारेवर त्याचा जोर कमीच चालतो. परवानगीशिवाय हात लावू नको.

माडाखालचा_डिचोली
वायरमनकाका, मोजलं. काल साडेबाराला इन्व्हर्टरपाशी २५५, मीटरपाशी २४९! सहा व्होल्ट माझ्याच घरात. छपरापासून पडवीपर्यंत ३० मीटर वायर, खरवडून वाचलं तर २.५ स्क्वेअर एमएमची, बसवणाऱ्याने तिथे पैसे वाचवले. इलेक्ट्रिशियनकडून ६ ची टाकून घेतली, आज भर उन्हात २५१-२५२, सकाळपासून एकदाही ट्रिप नाही. काठावर पास म्हणायचं. ताईंचं ऐकून पंपही दुपारी लावला. आता रविवारची धास्ती, अर्धा वाडा जत्रेला जाणार आणि वीज खपवायला कोणी नसणार. फेजचा अर्ज उद्या देतो. सोलां आईने अंगणातच घातलीत.

रिटायर_वायरमन
२.५ ची?! त्याला म्हणावं घरी जाऊन झोप. अर्जात दुपारचे आणि रात्रीचे दोन्ही आकडे तारखेसकट लिही, नुसतं 'व्होल्टेज जास्त' लिहू नको.