मदत हवी आहे – आईची एंडोस्कोपी, रेटमध्ये एवढा फरक का?

नमस्कार मंडळी, आईला बरेच दिवस जळजळ, जेवण झालं की पोट फुगतं, त्यात आता हिमोग्लोबिन पण कमी आलंय म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितलीय. नाशिकमध्ये फोन करून विचारलं तर एका छोट्या क्लिनिकला अडीच हजार, आणि एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये साडेनऊ. तपासणी तीच ना, तोंडातून दुर्बीण घालून जठरापर्यंत बघायचं?

खोदून विचारल्यावर थोडं कळलं. अडीच हजारात घशात नुसता बधिर करायचा स्प्रे. झोपेचं इंजेक्शन हवं तर भूलतज्ज्ञांची फी वेगळी, बायोप्सी (तपासायला आतला छोटा तुकडा) घेतली तर ती वेगळी आणि वर लॅबचं बिल निराळंच. साडेनऊमध्ये म्हणे अर्ध्या दिवसाची रूम पण धरलीय, ती कशाला लागते देव जाणे. आणि मेडिक्लेमवाले म्हणतात नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालात तर क्लेम बसणार नाही.

आईचं वय ६८, बीपीची गोळी चालू, आणि स्वभाव घाबरट, त्यामुळे नुसत्या स्प्रेवर ती करू देईल असं वाटत नाही. कोणी घरच्या वयस्कर माणसाची केलीय का? बायोप्सीसकट एकूण किती गेले? ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये उत्पन्नाचा दाखला दाखवून धर्मादाय योजनेतून सवलत अशा तपासणीला मिळते का, की फक्त अ‍ॅडमिट पेशंटला? आणि बुकिंगआधी लेखी अंदाज मागितला तर देतात का हो?