काउन्सेलर हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही
शाळेने फुल टाइम काउन्सेलर ठेवला की मुलांचे प्रॉब्लेम सुटतील, असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. काउन्सेलर पाहिजेच, पण अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारससुद्धा एका काउन्सेलरमागे 250 मुलांची आहे, एवढ्या सगळ्यांकडे एकटा माणूस बघणार कसा? त्यात मुलं आपणहून तिकडे फारशी जात नाहीत, आणि ती खोली मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारी असली तर संपलंच, आत जाणाऱ्याकडे सगळा कॉरिडॉर बघत बसतो.

आधी लक्षात येतं ते वर्गशिक्षकांच्या. दर सोमवारी पोट दुखतं, वहीतलं अक्षर एकदम बिघडलंय, पुढे बसणारी मुलगी अचानक शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली... हे हजेरी घेतानाच दिसतं, फक्त ते कोणाला सांगायचं हे शाळेत ठरलेलं हवं.

आणि प्लीज, मुलाला "मी कोणालाच सांगणार नाही" असं प्रॉमिस देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं आणि मग ते मूल परत कधी तोंड उघडत नाही, त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगायचं की गरज पडली तर मी अमुक एकाला सांगेन पण आधी तुला कळवेन. आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारायलाही लोक घाबरतात, पण विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, डब्ल्यूएचओसुद्धा हेच सांगते, उलट बऱ्याचदा मूल मोकळं होतं. आता हे सगळं शिक्षकांनी करायचं तर त्यांच्यावरचं कागदी काम आधी कमी करा, आणि असं काही ऐकल्यावर त्यांनाही बोलायला कोणीतरी द्या.