कैद्यांच्या खोडसाळ तक्रारी: मर्यादा घालावी की नाही?

बारनिशी (धागाकर्ता)

तुरुंगाच्या तक्रार शाखेत बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. कैद्यांच्या तक्रारींवर बाहेर खूप लिहिलं-बोललं जातं, पण त्या वाचायच्या कुणी आणि कधी, हे कुणी विचारत नाही.

प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक. मग बराकीच्या अधिकाऱ्याचा खुलासा, ज्याचं नाव आलंय त्याचा जबाब, साक्षीदारांचे जबाब, अहवाल, उत्तर, आणि उत्तर पोचल्याची कैद्याची सही. अर्ज दहा पानी असो की अर्ध्या ओळीचा, सोपस्कार तेवढेच. आमच्याकडे एक जन्मठेपेचे गृहस्थ होते, अक्षर मोत्यासारखं. रात्रीचा दिवा डोळ्यांवर येतो, ही मूळ तक्रार. सुरक्षेसाठी दिवा बंद करता येत नाही, असं उत्तर गेलं. मग त्या उत्तराविरुद्ध तक्रार. मग उत्तरावर सही करणाऱ्याला तो अधिकारच नव्हता, अशी तक्रार. मग पोच घ्यायला आलेल्या शिपायाने आवाज चढवला म्हणून. मग माझ्याविरुद्ध. दिवा राहिला बाजूला, शाखेतला एक माणूस मात्र कायमचा त्यांच्याच फायलीला जुंपलेला.

त्याच गठ्ठ्यात खाली दाढ सुजलेल्या एका पोराचा अर्ज पडून असतो. त्याला लिहिता येत नाही, दुसऱ्याकडून चार ओळी लिहून घेतलेल्या असतात. तो वर यायचा कधी?

म्हणून माझं म्हणणं असं. एकाच विषयावर दुसऱ्यांदा अर्ज आला तर उत्तर देण्याचं बंधन नको. सराईत तक्रारदाराला तसं जाहीर करून महिन्याला एकच अर्ज करू द्यावा. तक्रार खोटी ठरली तर कारवाई व्हावी. बाहेर उपद्रवी दावे ठोकणाऱ्याला कोर्ट अडवू शकतं, महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ पासून कायदा आहे. मग आतल्याला वेगळा न्याय का?

सरळसोट

शंभर टक्के सहमत. गुन्हा करायचा, आपल्या करावर जेवायचं आणि वर अर्ज करायचे. हक्कबिक्क बाहेर ठेवून आत जायचं असतं.

वकीलपत्र

सरळसोट, २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. तुमच्याशी एवढंच.

बारनिशी, १९७१ च्या कायद्यात अर्ज करतात राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, आणि त्या माणसाची बाजू ऐकून निर्णय देतं उच्च न्यायालय. ज्याच्याविरुद्ध दावा आहे, तो स्वतः उठून वादीला उपद्रवी ठरवत नाही. आणि आदेश झाला तरी दार बंद होत नाही, कोर्टाची परवानगी काढून दावा लावता येतो. तुम्ही सुचवताय त्यात मात्र ज्याच्या कार्यालयाविरुद्ध अर्ज, तोच शिक्का मारणार.

आता 'खोडसाळ'चा जगप्रसिद्ध नमुना बघा. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कैद्यांच्या हास्यास्पद दाव्यांची यादी फिरवली होती. त्यातला एक: दाणेदार पीनट बटर मागितलं, मऊ मिळालं, म्हणून पठ्ठ्या कोर्टात गेला. सगळा देश हसला. जॉन न्यूमन नावाच्या अपील न्यायाधीशांनी मूळ कागद काढून पाहिले. कैद्याने तुरुंगाच्या कँटीनमधून दोन बरण्या घेतल्या होत्या. एक चुकीची निघाली, ती त्याने परत केली, बदलून मिळेल असं त्याला सांगितलं गेलं. बदली बरणी येण्याआधीच त्याची दुसऱ्या तुरुंगात रवानगी झाली. खात्यातून अडीच डॉलर मात्र कापलेलेच राहिले. भांडण चवीचं नव्हतं, कापलेल्या पैशांचं होतं.

त्या हशाच्या वातावरणात १९९६ चा कायदा आला. आधी तुरुंगातल्या तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या चढा, मगच कोर्ट. तीन दावे निरर्थक म्हणून फेटाळले गेले की गंभीर इजेचा धोका डोक्यावर असल्याशिवाय फीची सवलत बंद. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यावर कडी केली: आतल्या तक्रारीची मुदत चुकली तर कोर्टाचंही दार बंद. त्या प्रकरणात मुदत होती कामकाजाचे पंधरा दिवस. काही वर्षांत दावे जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले, कैदी मात्र वाढत होते. नुसतं फोलपट उडालं असतं तर उरलेल्या दाव्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं होतं. ते वाढलं नाही. म्हणजे दाणेही गेले.

बारनिशी

किस्सेच सांगायचे तर हाही घ्या. २००७ मध्ये त्याच अमेरिकेत एका कैद्याने नामांकित फुटबॉलपटूवर अब्जावधी डॉलरचा दावा लावला. का, तर त्याने माझे कुत्रे चोरून विकले आणि त्या पैशांतून इराणकडून क्षेपणास्त्रं घेतली! हा गडी असे दावे ढिगाने लावायचा. याच्यापुढेही हात जोडून बसायचं का?

वकीलपत्र

असला अर्ज फेटाळायला दोन मिनिटं लागतात. क्षेपणास्त्रवाले स्वस्तात पडतात हो. वेळ खातो तो तुमचा दिवेवाला, कारण त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य असतं. आणि म्हणूनच त्याला खोडसाळ म्हणता येत नाही.

रात्रपाळी

इथे सगळे कैदी आणि कारकून यांच्याबद्दलच बोलताय. बराकीच्या दाराशी उभा राहतो त्याचंही ऐका.

झडतीत माझ्या हाताला मोबाइल लागला. दुसऱ्या दिवशी माझ्याविरुद्ध मारहाणीचा अर्ज. वैद्यकीय तपासणीत काही निघालं नाही. साक्षीदार तिघे, तिघेही त्याच बराकीतले, तिघांचा जबाब शब्दाला शब्द सारखा. चौकशी लांबत गेली, तोवर बढतीचा लिफाफा बंद, म्हणजे निर्णय अडकलेला. शेवटी शेरा काय, तर 'पुराव्याअभावी दप्तरी दाखल', म्हणजे निकाल न देता फाइल बंद. 'खोटी' हा शब्द कुणी लिहिलाच नाही. म्हणजे माझ्या सेवापुस्तकावर धूर राहिला आणि त्याला काहीच झालं नाही. झडती कडक घेतली की तक्रार येते, हे कळल्यावर पुढचा शिपाई झडती कशी घेईल, सांगा बरं.

पोस्टकार्ड

रात्रपाळी, तुमचं दुखणं खरं आहे. पण 'दप्तरी दाखल' हा शेरा खोट्या तक्रारीला जसा लागतो तसाच खऱ्यालाही लागतो, आणि लिहिणाऱ्याची दोन्हीकडून सुटका होते. चौकशी बाहेरच्या माणसाने महिन्याभरात संपवली असती तर तुमचा लिफाफा अडकला नसता. तुमची मागणी लवकर आणि स्पष्ट निकालाची आहे, कैद्यांचे अर्ज कमी करण्याची नाही.

मर्यादेबद्दल मात्र मला सुनील बत्रा आठवतो. तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला कैदी. एकांतकोठडीविरुद्धचा त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात १९७८ मध्ये निकाली निघालेला होता. त्यानंतर त्याने तिथल्याच एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, आणि तेही स्वतःसाठी नाही. प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्याला पैशासाठी हेड वॉर्डरने अमानुष छळलं, अशी ती तक्रार होती. तुरुंगाकडून आलेले खुलासे असे की जखम पडून झाली, स्वतःच करून घेतली, मूळव्याध आहे. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं, वकील आत पाठवले, आणि छळ झाला होता असं निघालं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवण्याचा आदेश आहे, तो याच प्रकरणातला.

आता बारनिशींचे नियम लावा. बत्रा सराईत होता: होता. विषय त्याचा स्वतःचा नव्हता: नव्हता. तुरुंगाच्या मते तक्रार निराधार: होती. पत्र कुठवर पोचलं असतं?

अजून एक. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांत होतं की तक्रार उघडउघड फुटकळ किंवा निराधार नसेल तर तिचा तातडीने निपटारा करावा. २०१५ मध्ये हेच नियम मंडेला नियम म्हणून नव्याने आले, तेव्हा ती सूट काढून टाकली. आता प्रत्येक तक्रारीला उत्तर, आणि उशीर झाला किंवा ती फेटाळली तर न्यायालयाकडे किंवा दुसऱ्या प्राधिकरणाकडे जाण्याचा हक्क. जगभरचे अधिकारी साठ वर्षं ती सूट वापरून बसले होते, आणि तरी ती काढावी असंच ठरलं.

बारनिशी

नियम लिहिणाऱ्यांना गठ्ठा उपसावा लागत नाही.

मुलाखतवार

माझा भाऊ आत होता. त्याला पायाला जखम होती, पट्टी बदलत नव्हते. मी म्हटलं अर्ज कर. तो म्हणाला, "अर्ज केला की आधी माझी बराक बदलतील, मग पट्टी." त्याने शेवटपर्यंत अर्ज केला नाही. खोट्या तक्रारीला शिक्षा हवी म्हणताय, ती आहेच की. निराधार तक्रार हा तुरुंगातला गुन्हा, असं नियमावल्यांत लिहिलेलं आहे आणि आतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. शिक्षेतली माफी कापली जाईल या भीतीने जे अर्ज आलेच नाहीत, ते तुमच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक वहीत, कुठे दिसणार?

सरळसोट

मग काय, शंभर अर्ज करू द्यायचे? कुणी उपाय सांगणार आहे की नुसती हळहळ?

वकीलपत्र

सांगतो. एका विषयाची एकच फाइल ठेवा. दिव्याबद्दल पुन्हा अर्ज आला तर त्याच फायलीत लावा, 'यात नवीन मुद्दा नाही' अशी दोन ओळींची पोच द्या, नवीन मुद्दा असला तर तेवढाच तपासा. अर्ज घेणं थांबवायचं नाही, जबाबांचा सगळा रामरगाडा थांबवायचा. दुखणं, मारहाण आणि जिवाची भीती यांचे अर्ज पहिल्याच दिवशी वेगळे काढायचे, मग ते कुणाचे का असेनात. दिवेवाल्याच्या छातीत दुखलं तर तो अर्ज दिव्याच्या फायलीत जाता कामा नये. खोटेपणाची शिक्षा द्यायचीच असेल तर जाणूनबुजून खोटं बोलल्याचा पुरावा हवा. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावर नको.

आणि फुटकळ तक्रारी मोजत चला. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला शौचाच्या कागदाची एक गुंडाळी मिळायची. सुटी सुटी पाहिली तर किरकिरच. १९७१ च्या जुलैमध्ये कैद्यांनी मागण्यांची यादी वर पाठवली. सप्टेंबरात उठाव झाला आणि तो मोडून निघेपर्यंत ३३ कैदी आणि १० कर्मचारी गेले होते.

रात्रपाळी

यादी मानली. पण माझ्यावर खोटं कुभांड रचणाऱ्याचा 'पुरावा' कोण काढणार? तिघांचे जबाब सारखे, हा पुरावा नाही का?

पोस्टकार्ड

आहे. तो लिहून ठेवणारा माणूस तुमच्याच खात्यातला नसावा, एवढंच. इंग्लंडमध्ये स्ट्रेंजवेज तुरुंगातली १९९० ची दंगल पंचवीस दिवस चालली. त्यानंतर तिच्या चौकशीच्या वुल्फ अहवालाने स्वतंत्र तक्रार निवारकाची शिफारस केली आणि १९९४ मध्ये तो नेमला गेला. आधी तुरुंगाकडे दाद मागायची, समाधान झालं नाही तर त्याच्याकडे. तक्रार निराधार असली तर तसं स्पष्ट लिहून मिळतं, आणि ते शिपायाच्याही कामाचं असतं.

बारनिशी

एक फाइल, दोन ओळींची पोच, हे मला चालेल. खरं तर आम्ही गुपचूप तसंच करायचो. पण सराईत म्हणून जाहीर करण्याची सोय मी सोडत नाही. मुदत सहा महिने ठेवा, वैद्यकीय आणि मारहाणीचे अर्ज त्यातून वगळा, पण सोय हवी.

वकीलपत्र

जाहीर करणार कोण?

बारनिशी

जिल्हा न्यायाधीश करू देत. तसेही ते पाहणीला येतातच. पण तुम्हीच सांगा, ती फाइल त्यांच्या टेबलावर किती महिने पडेल?

वकीलपत्र

पडू दे. तोपर्यंत अर्ज घेत राहा.