ॲसिडला घड्याळ लावायचं की नजर?

ताम्रपट (धागाकर्ता)

परवा दाढेचा टवका उडाला म्हणून दवाखान्यात गेलो. मॅडमनी सिरिंजमधून निळी जेल दातावर सोडली आणि असिस्टंटला म्हणाल्या, "एच लावलंय, पंधरा सेकंद." एच म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग खाऊन घेणं, आमच्याही धंद्यातला शब्द. तोंडात कापूस कोंबलेला, नाहीतर तिथेच वाद घातला असता. बावीस वर्षं मी छापचित्रांसाठी रेघा कोरायला तांब्या-जस्ताच्या प्लेटा ॲसिडात घालतोय!

घरी येऊन वाचलं. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या इनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कडक थरावर, ८५ टक्के फॉस्फरिक ॲसिड ३० सेकंद लावून पाहिलं. ही युक्ती आली कारखान्यांतून, धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून तिथे आधी हेच ॲसिड फिरवत. म्हणजे मूळ आमच्याच गल्लीतलं.

माझं म्हणणं एवढंच, की गल्लीतून ॲसिड नेलंत आणि नजर इथेच विसरलात. नायट्रिकमध्ये जस्ताची प्लेट सोडली की रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने अलगद सारायचे, नाहीतर त्यांच्याखाली ॲसिड पोचत नाही आणि रेघ तुटक येते. बुडबुड्यांचा जोर बघायचा, बाहेरची हवा बघायची. मे महिन्यात सात मिनिटांत होणारी प्लेट डिसेंबरात पंधरा मिनिटं खाते. पंधरा सेकंद मोजून मोकळं होणं ही कारागिरी नव्हे.

अक्कलदाढ

ताम्रपट, तुमच्या प्लेटेला खाली नस नसते.

मी रोज हेच करते म्हणून सांगते. नजर आम्हीही वापरतो, पण इनॅमलवर. इनॅमल जवळजवळ सगळं खनिजच. ३७ टक्क्यांची जेल लावून धुतली, हवेने सुकवलं की तो भाग खडूसारखा पांढराफटक दिसायला हवा. नाही दिसला तर पुन्हा लावायची. त्याच्या आतलं डेंटिन मात्र काही सांगत नाही. त्यात कोलॅजन या प्रथिनाची जाळी, पाणी आणि नसेकडे जाणाऱ्या बारीक नळ्या. तिथे जेल जास्त वेळ राहिली तर ॲसिड जिथवर उतरतं तिथवर रेझिन (फिलिंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पोचत नाही, खाली उघडी जाळी उरते. वर्षा-दोन वर्षांनी सांधा तिथेच सुटतो. आणि धुतल्यावर फार सुकवलंत तर जाळी चपटी होते, रेझिनला आत शिरायला जागाच नाही. यातलं डोळ्याला काय दिसणार? मोजायलाच लागतं.

शब्द तोच, पण काम उलटं आहे. तुमच्या खाचेतली शाई कागदावर निघून यायला हवी. माझ्या खाचेतलं रेझिन निघालं तर पेशंट दारात उभा.

शाईबोटे

ताम्रपटकाका, राग मानू नका, मीही प्रिंटमेकिंगवालाच आहे, पण ही 'नजर' जरा जास्तच होतेय. फेरिक क्लोराईडमध्ये तांब्याची प्लेट घाला. बुडबुडे नाहीत, द्रावण कडक कोऱ्या चहासारखं, प्लेट दिसतसुद्धा नाही. वर गाळ रेघेत बसू नये म्हणून ती पालथी ठेवायची. कसली नजर लावता तिथे?

ॲक्वाटिंटचं, म्हणजे रेघांऐवजी फिक्या-गडद छटा काढायच्या पद्धतीचं, तर विचारूच नका. राळेची पूड भुरभुरवून तापवली, की दाण्यांच्या मधल्या फटी ॲसिड खातं. फिका टोन हवा तर काही सेकंद, मग तेवढा भाग वॉर्निशने झाकायचा, पुढचा टोन अजून थोडा वेळ. आधी तुकड्यावर टेस्ट पट्टी काढून वेळा लिहून ठेवतो आपण. हावरटपणा केला तर दाणे खालून पोखरले जाऊन निखळतात, आणि काळाभोर हवा तिथे मळकट राखाडी येतं. डॉक्टर म्हणतायत त्याचंच हे भावंड.

आणि गल्लीचं म्हणाल तर आपणही उसनंच आणलंय. १५०० च्या सुमारास ऑग्सबुर्गचा डॅनियल होप्फर लोखंडी चिलखतांवर ॲसिडने नक्षी काढायचा, तिथून ते कागदावर आलं.

कडूकारले

तुम्ही दोघं घड्याळावर भांडा. माझं एकच फिलिंग दोनदा निघालं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, एच केल्यावर लाळ लागली असणार.

अक्कलदाढ

कडूकारले, शक्य आहे. लाळ लागली तर पुसून भागत नाही, पुन्हा एच करावं लागतं. म्हणून रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावू द्या, गुदमरल्यासारखं वाटलं तरी.

ताम्रपट

हे मात्र पटलं. प्लेटेवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तर ग्राउंड (ॲसिड अडवणारा लेप) धरत नाही, ॲसिडात तिथेच पापुद्रा सुटतो. खडूची पूड घासून पाणी प्लेटभर एकसंध पसरेपर्यंत आम्ही धुतो.

फेरिकचंही कबूल. तरी सात मिनिटं की आठ, हे ठरवायला मी प्लेट काढतो, धुतो, सुईचं टोक रेघेत फिरवून खोली बघतो. तीही नजरच, बोटातली.

जाता जाता, मॅडमकडून उरलेली जेल मागून आणली आणि तांब्याच्या तुकड्यावर लावली. काळपट डाग गेला, चकचकीत झालं. रेघ म्हणून काही उमटली नाही.

शाईबोटे

किती वेळ ठेवली होतीत?

ताम्रपट

घड्याळ लावलं नव्हतं.