विशीतल्या मुलींना हॉस्पिसची पोस्टिंग कशाला?

कळवेकर काका: पुतणी ठाण्यात बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या पंधरा दिवस हॉस्पिसला, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे. परवा घरी आली आणि ताटासमोर नुसती बसून राहिली. सकाळी ज्या आजींची वेणी घातली, त्या दुपारी गेल्या म्हणे. आधी जीव वाचवायला शिकवा ना! हे पुढे नोकरीत शिकता येईल.

रातपाळी: नोकरीत कोण शिकवतं हो, काका? नवीन असताना माझ्या एका पेशंटला घरघर लागली. मी घशातला कफ ओढून काढायचं सक्शन मशीन ओढत आणलं आणि नळी घालत बसले. लेक पडद्याबाहेर उभी. आजोबांना कुशीवर वळवून, उशी जरा उंच करून, ओल्या गॉजने ओठ पुसले असते तरी पुरलं असतं. लेकीला हात धरू द्यायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घणसोली_सेक्टर७: मॉर्फिनचंही, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचंही, तेच. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्याची कटकट कमी झाली, पण भीती तशीच. बाबांची गोळी एक सिस्टर 'फार दुखलं तरच' द्यायच्या. शेवटी एका शिकाऊ मुलीने मोबाईलवर दर चार तासांचा गजर लावून दिला. दुखायची वाट बघायची नाही, म्हणाली. बद्धकोष्ठ होतं म्हणून पोट साफ व्हायचं औषधही तिनेच विचारून सुरू करवलं. असं शिकलेली मुलगी हवी की नको?

कळवेकर काका: हॉस्पिसला माझा विरोध नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं. माहीत आहे मला. पण पुतणीच्या इथे स्टाफ तोकडा, म्हणून ही पोरं फुकटचे हात. याला ट्रेनिंग म्हणायचं?

रातपाळी: हे मात्र खरं. ट्यूटर हजेरी घेऊन चहाला जात असतील तर भांडाच. (आमच्याही जायच्या.) पण भांडण त्यांच्याशी, पोस्टिंगशी नाही. आधुनिक हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्सही आधी नर्सच होत्या, डॉक्टर नंतर झाल्या.

कळवेकर काका: आत्ताच पुतणीला विचारलं. पोस्टिंग रद्द नको म्हणते. फक्त बॉडी बांधताना मॅडम शेजारी हव्यात. आजींच्या वेणीचा गजरा काढायचा की ठेवायचा, हे तिला कुणालाच विचारता आलं नाही.